कर चढला, भाव उतरला!
तर्कशक्तीच्या एका प्रश्नाचे बीरगांवच्या बाजारपेठेत सापडणारे उत्तर

दिनांक २१ मे २०२२ रोजी सायंकाळी केंद्रीय अर्थमंत्री श्रीमती निर्मला सीतारामन यांनी काही महत्त्वाचे निर्णय जाहीर केले. पेट्रोलवरील उत्पादन शुल्कात लिटरमागे ८ रुपयांची आणि डिझेलवरील शुल्कात ६ रुपयांची कपात करण्यात आली. त्याच सायंकाळी पोलादाच्या अनेक प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क बसविण्यात आले. दुसऱ्या दिवसापासून पेट्रोल आणि डिझेल स्वस्त झाले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत घरबांधणीच्या लोखंडी सळयाही स्वस्त झाल्या.

एका वस्तूवरील कर उतरला म्हणून तिचा भाव उतरला, हे कोणासही सहज पटते. दुसऱ्या वस्तूवर मात्र कर चढला आणि तरीही तिचा भाव उतरला, हे ऐकून क्षणभर थबकायला होते. एकाच सायंकाळी उलट दिशांनी घेतलेल्या दोन निर्णयांचा परिणाम एकाच दिशेने कसा व्हावा?

अशा प्रकारचे कोडे बँकेच्या सेवकवर्गास अपरिचित नाही. भरती परीक्षेच्या तर्कशक्ती विभागात ‘कारण आणि परिणाम’ किंवा ‘युक्तिवादाची पारख’ या शीर्षकाखाली असे प्रश्न अनेकांनी सोडविलेले असतात. आज अनेक ग्राहकांची मुलेमुली त्याच परीक्षांची तयारी करीत आहेत. पुस्तकातील प्रश्न कृत्रिम वाटतात, ही त्यांची नेहमीची तक्रार. प्रस्तुत प्रश्न मात्र छत्तीसगडमधील बीरगांवसारख्या गावी प्रत्यक्ष बाजारात घडलेला आहे आणि त्याच्या उत्तरावर अनेकांचे लाखो रुपये अवलंबून होते.

प्रश्न असा आहे

“एका देशाने पोलादाच्या निर्यातीवर नवा कर बसविला. त्यानंतर काही आठवड्यांतच त्या देशातील बाजारात पोलादाचा भाव उतरला. खालीलपैकी कोणते विधान सत्य मानल्यास हा विरोधाभास सर्वांत चांगल्या प्रकारे उलगडतो?”

(अ) त्या काळात देशात घरबांधणी वाढत होती.
(ब) कारखानदार आपल्यावरील कराचा भार अखेरीस ग्राहकावर टाकतात.
(क) परदेशी खरेदीदारांना इतर देशांतूनही पोलाद मिळत असल्याने ते जादा किंमत देण्यास तयार नव्हते. त्यामुळे निर्यातीचा माल देशातील बाजाराकडे वळला.
(ड) त्या देशात पोलादाच्या आयातीवरही कर आहे.
(इ) त्यापूर्वीच्या दोन वर्षांत पोलादाचा भाव सतत चढत होता.

वाचकांनी पुढे वाचण्यापूर्वी आपले उत्तर मनाशी ठरवून ठेवावे.

बीरगांव आणि त्याच्या भट्ट्या

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरच्या रस्त्यालगत बीरगांव वसले आहे. एके काळी खेडे असलेल्या या गावाचा कारभार आता स्वतंत्र महानगरपालिका पाहते. उरला औद्योगिक क्षेत्र त्याला लागूनच असून त्याच रस्त्याने थोडे पुढे गेले की सिलतरा हे दुसरे मोठे औद्योगिक क्षेत्र लागते. या पट्ट्यात स्पंज लोहाचे कारखाने, विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आणि सळया काढणाऱ्या रोलिंग मिल यांची दाटी आहे.

मराठी वाचकास हा प्रदेश फार दूरचा वाटू नये. १९५६ पर्यंत नागपूर हीच या भागाची राजधानी होती. आजही रायपूरहून निघालेला मालट्रक सुमारे तीनशे किलोमीटर अंतर कापून नागपुरास येतो. महाराष्ट्रात जालना हे सळयांचे मोठे केंद्र आहे आणि तेथील व्यापारी रायपूरच्या भावावर नजर ठेवून असतात.

बीरगांवच्या पश्चिमेस भिलाईचा प्रचंड पोलाद कारखाना आहे. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. भिलाई आणि बीरगांव या दोन ठिकाणी पोलाद बनविण्याच्या रीती वेगळ्या आहेत आणि आपल्या कोड्याच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. झोतभट्टीस कोकिंग कोळसा लागतो व तो बहुतांशी परदेशातून येतो. बीरगांवच्या परिसरात मात्र लोहखनिज किंवा त्याच्या बारीक भुकटीपासून केलेल्या गोळ्या, ज्यांना व्यवहारात ‘पेलेट’ म्हणतात, साध्या दगडी कोळशाबरोबर लांबलचक फिरत्या भट्टीत तापवितात. सुमारे हजार अंश उष्णतेत खनिजातील प्राणवायू निघून जातो, परंतु लोह वितळत नाही. मागे जाळीदार, सच्छिद्र ढेकळे राहतात. हेच स्पंज लोह. एक टन स्पंज लोहासाठी सुमारे दीड टन खनिज लागते. ते मोडीबरोबर इंडक्शन भट्टीत वितळवून त्याचे बिलेट ओततात आणि तापलेली बिलेट रोलिंग मिलमधून काढली की सळई तयार होते.

पेलेट, स्पंज, बिलेट आणि सळई ही साखळी लक्षात ठेवावी. कोड्याची उकल याच साखळीत दडलेली आहे.

कर कोणत्या दारावर बसला?

‘कर वाढला’ असे म्हटले की सामान्य माणूस आपल्या दुकानदाराच्या पावतीचा विचार करतो. पावतीवरील कर वाढला की वस्तू महाग होते, हा त्याचा नित्याचा अनुभव असतो. पेट्रोलचे उत्पादन शुल्क या वर्गात मोडते. निर्यात शुल्क मात्र दुकानाच्या गल्ल्यावर बसत नाही; ते देशाच्या वेशीवर बसते. माल वेशीबाहेर गेला तरच ते भरावे लागते आणि माल आत राहिला तर एक पैसाही द्यावा लागत नाही.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, परदेशी खरेदीदार एका टनास ६०,००० रुपये देतो. कर नसताना देशातील कारखानदार घरच्या ग्राहकासही त्याहून फार कमी भावाने माल देणार नाही, कारण बाहेर त्याला ६०,००० मिळतच आहेत. आता १५ टक्के शुल्क बसले. परदेशी खरेदीदारापुढे इतर देशांचेही विक्रेते उभे आहेत. तो ६०,००० च्या वर एक रुपया देत नाही. मग ९,००० रुपयांचा कर कारखानदाराच्या पदरातून जातो व हाती ५१,००० उरतात. अशा वेळी देशातील ग्राहक ५५,००० देत असेल, तर तो सौदा अधिक किफायतशीर ठरतो. सर्वच निर्यातदार असा विचार करू लागले की देशातील बाजारात माल वाढतो आणि भाव ५१,००० च्या दिशेने सरकू लागतो.

याचा अर्थ असा की भार कोणी सोसायचा हे कर भरणाऱ्याच्या इच्छेवर ठरत नाही. ज्याच्यापुढे दुसरा पर्याय आहे तो भार झटकतो आणि ज्याच्यापुढे पर्याय नाही त्याच्या खांद्यावर तो येतो. परदेशी खरेदीदारापुढे पर्याय होता. म्हणून पर्याय (क) हे योग्य उत्तर आहे.

अन्य पर्याय का टिकत नाहीत?

अशा प्रश्नात पर्यायाने दोन अटी पाळावयाच्या असतात. दिलेल्या दोन्ही घटना खऱ्या राहिल्या पाहिजेत आणि त्या दोहोंना जोडणारा दुवाही मिळाला पाहिजे. पर्याय (अ) सत्य मानला तर मागणी वाढूनही भाव उतरला असे होते आणि कोडे अधिकच गडद होते. पर्याय (ब) सर्वांत मोहक आहे. व्यवहारात तो अनेकदा खरा असतो, म्हणूनच परीक्षार्थी त्याकडे ओढले जातात. परंतु तो मान्य केल्यास भाव चढावयास हवा होता. पर्याय (ड) मधील आयात कर भावाला आधार देणारा आहे, उताराचे कारण तो सांगत नाही. पर्याय (इ) ही केवळ पार्श्वभूमी आहे. भाव आधी चढत होता एवढ्यावरून तो त्याच वेळी का उतरला, हे कळत नाही.

बीरगांवचा माल तर निर्यात होतच नव्हता!

येथे चोखंदळ वाचक एक रास्त शंका घेईल. बीरगांवच्या लहान मिलमधील सळया बहुतांश देशातच खपतात. जो माल वेशीपर्यंत जातच नाही, त्याचा भाव वेशीवरील कराने का उतरावा?

याची दोन कारणे आहेत. पहिले कारण कच्च्या मालाचे. त्या सायंकाळच्या निर्णयात पेलेटवर शून्यावरून ४५ टक्के निर्यात शुल्क बसले. ५८ टक्क्यांहून अधिक लोह असलेल्या खनिजावरील शुल्क ३० वरून ५० टक्के झाले आणि कमी प्रतीचे खनिजही ५० टक्क्यांच्या कक्षेत आले. परदेशी जाणारी पेलेट देशातच थांबली व स्वस्त झाली. बैलाडिलाच्या खाणी चालविणाऱ्या एनएमडीसी या सार्वजनिक कंपनीनेही आपल्या खनिजाचे दर उतरविले. पेलेट उतरली तेव्हा स्पंज उतरले, स्पंजामागोमाग बिलेट आणि बिलेटमागोमाग सळई. दुसरे कारण स्पर्धेचे. मोठ्या कारखान्यांचा निर्यातीचा माल देशात विकला जाऊ लागला की त्याच गिऱ्हाइकासाठी झटणाऱ्या लहान मिलला भाव उतरविण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

त्याच निर्णयात कोकिंग कोळशावरील अडीच टक्के व कोकवरील पाच टक्के आयात शुल्कही रद्द झाले होते. पोलाद त्यामुळे स्वस्त झाले, असे कोणी म्हणेल. भिलाईसारख्या झोतभट्टीच्या कारखान्याबाबत या म्हणण्यात तथ्य आहे. बीरगांवच्या भट्ट्यांत मात्र कोकिंग कोळसा जळतच नाही. त्यांना लागणाऱ्या साध्या कोळशाची त्या उन्हाळ्यात देशभर टंचाई होती, कारण रेल्वेच्या वाघिणी वीजकेंद्रांकडे अग्रक्रमाने वळविल्या जात होत्या. म्हणजे इंधनाची चणचण असतानाही तयार मालाचा भाव उतरत होता. उत्पादनखर्च भाव ठरवितो, हा समज थोड्या काळापुरता तरी किती अपुरा आहे, हे यावरून दिसते. एकाच घटनेचे स्पष्टीकरण भिलाईस लागू पडते आणि शेजारच्या बीरगांवला लागू पडत नाही, हा तर्कशास्त्राचा उत्तम धडा आहे.

उलट तपासणी

खरे कारण सापडले असे वाटले, तरी एक परीक्षा बाकी राहते. कारण दूर केल्यावर परिणामही दूर होतो काय? बाजाराने ही परीक्षा सहा महिन्यांतच घेतली. १९ नोव्हेंबर २०२२ पासून पोलाद आणि पेलेट यांवरील निर्यात शुल्क मागे घेण्यात आले. केवळ त्या शुल्कानेच भाव उतरला असता, तर तो पुन्हा पूर्वीच्या उंचीवर जावयास हवा होता. भाव पुढे काही प्रमाणात सावरला, परंतु एप्रिल २०२२ मधील शिखर त्याने गाठले नाही.

याचा अर्थ पर्याय (क) चुकीचा होता असा नव्हे. तो खरा होता, परंतु एकटा नव्हता. फेब्रुवारी २०२२ अखेर युक्रेनचे युद्ध सुरू झाले तेव्हा जगभर पोलाद आणि कोळसा भडकला होता. मार्चमध्ये कोकिंग कोळसा टनास ६०० डॉलरच्या वर गेला होता. ती भडक पुढे ओसरली, चीनमधील टाळेबंदीने मागणी घटली आणि त्यातच जून उजाडताच आपल्याकडे पावसामुळे बांधकामे मंदावली. निर्यात शुल्काने उताराला निश्चित धक्का दिला, परंतु रस्ता आधीच उताराचा होता.

आकडेही हेच सांगतात. २०२१-२२ या आर्थिक वर्षात भारताने सुमारे १ कोटी ३५ लाख टन तयार पोलाद निर्यात केले होते. २०२२-२३ मध्ये निर्यात सुमारे ६७ लाख टनांवर आली, म्हणजे निम्मी झाली. त्याच काळात देशातील खप सुमारे १० कोटी ५८ लाख टनांवरून १२ कोटी टनांच्या घरात गेला. वेशीबाहेर जाणारा माल घरी वळला, हे यातून दिसते. मात्र युरोपातील मंदावलेली मागणीही निर्यात घटण्यास कारणीभूत होती, हे विसरून चालणार नाही. परीक्षेत एकच पर्याय निवडावयाचा असतो; बाजारात अनेक पर्याय एकाच वेळी खरे असतात.

लासलगावचा कांदा, विदर्भाची तूर

पोलादाचे हे गणित महाराष्ट्रातील कांदा उत्पादकास समजावून सांगण्याची गरज नाही. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क बसले, तेव्हा नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. कर वेशीवर बसला आहे आणि त्याचा भार आपल्या गोणीवर येणार आहे, हे शेतकऱ्याने तत्काळ ओळखले होते. पुढे केंद्राने क्विंटलला २,४१० रुपये दराने खरेदी जाहीर केली. कांद्यावरील निर्यात शुल्क अखेर १ एप्रिल २०२५ पासून हटविण्यात आले. कांदा आणि लोखंड यांत फरक एवढाच की कांदा थांबला तर सडतो आणि लोखंड थांबले तर त्यात अडकलेल्या पैशावर व्याज चढते.

प्रत्येक कोड्याला मात्र हीच किल्ली लागत नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या आसपास पोहोचली होती. दीड वर्षाच्या आत, २०१७ च्या आरंभी, विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यास बोनससह ५,०५० रुपयांचा हमीभावही खुल्या बाजारात मिळेना. येथे कोणता कर चढला वा उतरला नव्हता. चढ्या भावाकडे पाहून सर्वांनीच तूर पेरली, पाऊस चांगला झाला आणि २०१५-१६ मधील सुमारे २६ लाख टनांचे देशाचे उत्पादन पुढील हंगामात ४८ लाख टनांच्या वर गेले. येथे दुवा काळाचा आहे. भाव आजचा दिसतो, परंतु त्यावरून घेतलेल्या निर्णयाचे फळ पुढील हंगामात येते.

खातेवहीतील पडसाद

हे सारे केवळ परीक्षार्थीच्या उपयोगाचे आहे असे नाही. बीरगांवसारख्या ठिकाणी रोलिंग मिल चालविणारा उद्योजक बहुधा कॅश क्रेडिटवर व्यवसाय करतो. समजा, त्याच्याकडे ५०० टन बिलेटचा पूर्ण पैसे चुकते केलेला साठा आहे आणि भाव टनास ६०,००० रुपये आहे. साठ्याचे मूल्य ३ कोटी रुपये झाले. २५ टक्के मार्जिन वजा जाता त्याची ड्रॉइंग पॉवर २ कोटी २५ लाख येते. भाव ५१,००० वर आला की तोच साठा, त्याच गोदामात, २ कोटी ५५ लाखांचा होतो आणि ड्रॉइंग पॉवर १ कोटी ९१ लाख २५ हजारांवर येते. एक टनही माल हलला नाही, तरी ३३ लाख ७५ हजार रुपयांची उणीव उभी राहिली. त्याने मर्यादा पूर्ण वापरली असेल, तर ही रक्कम त्यास अन्यत्र उभी करावी लागते.

म्हणूनच साठ्याचे विवरणपत्र वेळेवर देणे, त्यात खरेदीचा भाव आणि बाजारभाव यांपैकी जो कमी असेल तो दाखविणे आणि भाव उतरू लागताच शाखेशी बोलणे उद्योजकाच्याच हिताचे असते. जुना भाव दाखवून महिना निभावता येतो, परंतु पुढच्या तपासणीत उणीव वाढलेलीच निघते. शाखेतील अधिकाऱ्यानेही आलेला आकडा मागील महिन्याच्या आकड्याशी ताडून पाहताना वेशीवरील करांच्या बातम्या ध्यानात ठेवणे इष्ट.

घर बांधणाऱ्या कुटुंबासाठीही यात बोध आहे. भाव चढू लागला की ‘आणखी चढेल’ या धास्तीने सगळी सळई एकदम घेऊन ठेवण्याकडे कल असतो. मे २०२२ च्या आरंभी ज्यांनी असे केले त्यांना जूनमध्ये हळहळ वाटली असेल. गृहकर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळते. सळईची खरेदीही त्याच टप्प्यांनी केली तर एखाद्या आठवड्याच्या भावावर सारी बचत पणाला लागत नाही. भाव पुढे चढला तर काही हप्ते महाग पडतील, उतरला तर काही स्वस्त. मधला मार्ग कुटुंबास झेपणारा असतो.

परीक्षार्थींसाठी सार थोडक्यात असे. दोन्ही विधाने सत्य धरून विचार सुरू करावा. कर, बंदी वा अनुदान यांचा उल्लेख आल्यास ते कोणत्या दारावर बसले आहे, हे पाहावे. भार झटकण्याचा पर्याय कोणापुढे आहे, ते शोधावे. निवडलेले कारण काढून घेतल्यास परिणाम टिकतो का, हे एकदा उलटून तपासावे. या चार पायऱ्यांस परीक्षेत फार तर एक मिनिट लागते. बीरगांवच्या उद्योजकास हाच हिशेब दरमहा विवरणपत्र भरताना करावा लागतो आणि तेथे चुकलेल्या उत्तराची किंमत रुपयांत मोजावी लागते.